नोकरीनंतरची पीएच.डी. : संगणक क्षेत्रातील आमचा अनुभव

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हा तिघांना एकाच व्यासपीठावर बोलावले, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. तिघांनी वेगवेगळी भाषणे केली असती तर जेवणाची वेळ टळून गेली असती. म्हणून तिघांच्या वतीने हे एकच भाषण आम्ही तयार केले आहे.

आम्ही तिघेही संगणक क्षेत्रात नोकरी करणारे. एक जण बँकेच्या संगणक विभागात, दुसरे एका कंपनीत शासकीय योजनांच्या लाभवाटपाची प्रणाली तयार करण्याच्या कामावर, आणि आमच्यातील भगिनी सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या कामात. बारा ते सोळा वर्षे नोकरी झाल्यावर आम्ही पीएच.डी.साठी नाव नोंदवले. दोघांना पदवी मिळाली आहे. भगिनींचा प्रबंध विद्यापीठाकडे सादर झाला असून मौखिक परीक्षा व्हायची आहे.

आम्हाला घरी, कचेरीत, लग्नसमारंभात एकच प्रश्न विचारला जातो. "पगार चांगला आहे, घराचे हप्ते चालू आहेत, मुले शाळेत आहेत, मग या वयात हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्यांना आमची काळजी असते. आमच्या आईवडिलांच्या पिढीने नोकरी मिळवण्यासाठी शिक्षण घेतले. नोकरी मिळाल्यावर पुन्हा शिकायला जाणे म्हणजे पैलतीरी पोहोचून परत पाण्यात उतरणे, असे त्यांना वाटले तर नवल नाही. या प्रश्नाचे उत्तर देणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. संगणक क्षेत्रात मोठे काम करण्यासाठी पीएच.डी. लागतेच असे नाही. फ्रान्सिस ॲलन या अमेरिकन विदुषी १९५७ साली आयबीएम कंपनीत लागल्या, त्या शिक्षणासाठी घेतलेले कर्ज फेडण्यासाठी. पुढे शिक्षिका होण्याचा त्यांचा विचार होता. प्रत्यक्षात त्या २००२ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे तेथेच राहिल्या. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरवर त्यांनी मूलभूत काम केले. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ते त्यांना २००६ सालचे मिळाले. त्यांनी पीएच.डी. केलेली नव्हती. तेव्हा नावामागे 'डॉक्टर' लागावे एवढ्यासाठी कोणी या वाटेला जात असेल, तर आमचा सल्ला आहे की जाऊ नये. पाच-सहा वर्षांच्या रात्री एवढ्या दोन अक्षरांसाठी खर्च करण्यात अर्थ नाही.

मग अर्थ कशात आहे? आमच्यापैकी एकाचे उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या सर्वांच्या घरातले आहे.

आपल्या मुलांची शिष्यवृत्ती अनेकदा कुठे अडते? नावापाशी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. वाघमारे हे आडनाव इंग्रजीत कोणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने. गायकवाड कोणी 'आय' घालून लिहितो, कोणी 'वाय' घालून. कांबळ्यांच्या 'ळ'ला तर रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही. मनुष्य एकच असतो, पण संगणकाला दोन दिसतात. लाभवाटपाच्या प्रणालीत अशी प्रकरणे बाजूला पडतात आणि विद्यार्थी खिडकी क्रमांक एकवरून खिडकी क्रमांक चारवर फिरत राहतो.

कंपनीत यावर उपाय कसा होतो? तक्रार येते, अधिकारी बोलावतात, शुक्रवारपर्यंत मुदत मिळते. प्रोग्रॅममध्ये एक नियम घातला जातो, 'डब्ल्यू' आणि 'व्ही' एकच धरा. तक्रार मिटते. पुढच्या महिन्यात दुसरी येते, दुसरा नियम घातला जातो. काही वर्षांत शेकडो नियम साचतात आणि कोणता नियम कोणासाठी घातला हे कोणालाच सांगता येत नाही. काम चालते. नोकरीत विचारला जाणारा प्रश्न एवढाच असतो, काम चालते ना?

आमच्या सहकाऱ्यांनी हाच विषय पीएच.डी.च्या मार्गदर्शकांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी वेगळेच विचारले. तुमची पद्धत किती वेळा चुकते? कोणत्या बाजूने चुकते? आणि ती चूक कोणाच्या वाट्याला येते? वर्षानुवर्षे तेच काम करूनही हे प्रश्न कचेरीत कधी कोणी विचारलेले नव्हते.

या विषयावर पूर्वी झालेले काम वाचायला घेतले, तेव्हा कळले की प्रश्न जुना आहे. उच्चारावरून नावे जुळवण्याच्या 'साउंडेक्स' पद्धतीला अमेरिकेत १९१८ साली पेटंट मिळाले होते. ही पद्धत नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवते, स्वर गाळते आणि उरलेल्या व्यंजनांना आकडे देते. इंग्रजी नावांसाठी ती बेतलेली. आपल्या नावांवर ती लावून पाहा. 'डब्ल्यू'चे वाघमारे आणि 'व्ही'चे वाघमारे तिच्या मते वेगळी माणसे, कारण पहिले अक्षर निराळे. उलट कांबळे आणि कांबळी ही दोन वेगळी आडनावे तिच्या मते एकच, कारण फरक केवळ शेवटच्या स्वराचा. म्हणजे एकाच पद्धतीत दोन्ही बाजूंच्या चुका आहेत. जोडायला हवे ते तुटते आणि तुटलेले राहायला हवे ते जोडले जाते.

कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातील इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी १९६९ साली या दोन चुकांचा गणिती विचार मांडला. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, याची तीन उत्तरे त्यांनी ठेवली : होय, नाही, आणि माणसाने तपासावे. पहिल्या दोन प्रकारांतील चुका किती सहन करायच्या हे आधी ठरवायचे आणि तपासणीचा तिसरा ढीग शक्य तितका लहान ठेवायचा, असा तो विचार आहे. आता ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना लावा. नोंद जुळली नाही तर मुलीची फी भरायची राहते. चुकीची जुळली तर एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात जातात. दोन्ही चुका सारख्या नाहीत, दोन्हींची किंमत वेगवेगळी आहे, आणि ती किंमत भरणारा मनुष्य प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या समोर कधी येत नाही. मराठी आडनावांसाठी या चुका मोजायच्या कशा, हा आमच्या सहकाऱ्यांच्या प्रबंधाचा विषय झाला.

मित्रहो, नोकरीनंतरच्या पीएच.डी.ने आम्हाला काय दिले, असे विचाराल तर आम्ही हेच सांगू. नोकरीने आम्हाला काम चालवायला शिकवले. संशोधनाने ते काम कुठे चालत नाही, हे मोजायला शिकवले. आमच्यातील भगिनींचा विषय सॉफ्टवेअरमध्ये बदल झाल्यावर हजारो चाचण्यांपैकी कोणत्या आधी घ्याव्यात, हा आहे. बँकेतील सहकाऱ्यांचा विषय माहितीच्या मोठ्या साठ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र कधी लवकर देते आणि कधी तासभर का लावते, हा होता. तिन्ही विषय नोकरीतील डोकेदुखीतून आले. बावीस वर्षांच्या हुशार विद्यार्थ्याला गणित आमच्यापेक्षा चांगले येते, यात शंका नाही. पण ही डोकेदुखी त्याने भोगलेली नसते. नोकरी करून येणाऱ्याचे खरे भांडवल तेच आहे.

याला इतिहासात मोठा आधार आहे. एडगर कॉड हे इंग्लंडात जन्मलेले गणिती. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते. १९४९ साली ते आयबीएममध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागले. मधली काही वर्षे कॅनडात काढून ते परत आले आणि १९६१ ते १९६५ या काळात मिशिगन विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली. पदवी मिळाली तेव्हा ते बेचाळिशीला आले होते. प्रबंधाचा विषय होता स्वतःची प्रतिकृती तयार करणाऱ्या काल्पनिक यंत्रांचा. जॉन फॉन नॉयमन यांनी अशा यंत्राच्या प्रत्येक घरासाठी २९ अवस्था वापरल्या होत्या. कॉड यांनी ते ८ अवस्थांत करून दाखवले. ऐकणाऱ्याला वाटेल, कंपनीला याचा काय उपयोग? परंतु १९७० साली याच कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी मांडले की माहितीचा साठा साध्या तक्त्यांच्या रूपात पाहावा, आणि माहिती यंत्रात कुठे व कोणत्या वाटेने ठेवली आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज राहू नये. त्यापूर्वी ती वाट प्रोग्रॅममध्ये लिहावी लागे. साठ्याची रचना बदलली की प्रोग्रॅम मोडत. त्यांच्या स्वतःच्या कंपनीचे जुन्या पद्धतीचे उत्पादन बाजारात चालत होते, त्यामुळे नवा विचार लगेच स्वीकारला गेला नाही. तरी तो टिकला. १९८१ सालचे ट्युरिंग पारितोषिक कॉड यांना मिळाले. आज बँकेचे खाते असो की महाविद्यालयाचा प्रवेश, आपली नोंद बहुधा अशाच तक्त्यांत बसलेली असते. दहा वर्षांहून अधिक काळ नोकरीतील कटकट पाहिलेला मनुष्य जेव्हा गणिताकडे परत जातो, तेव्हा काय घडू शकते याचे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण भगिनींसाठी. रॅडिया पर्लमन या डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीत संगणकांच्या जाळ्यांवर काम करीत. जाळ्यात एकाहून अधिक वाटा असल्या तर संदेश गोल गोल फिरत राहतो आणि जाळे ठप्प होते. जादा वाटा बंद ठेवायच्या आणि एखादी तुटली तरच दुसरी उघडायची, अशी पद्धत त्यांनी शोधली. ती १९८५ साली प्रसिद्ध झाली व जगभर वापरली गेली. एवढे नाव झाल्यावर थांबता आले असते. पण १९८८ साली त्यांनी एमआयटीतून पीएच.डी. पूर्ण केली. प्रबंधातील प्रश्न पुढचा होता. जाळ्यातील एखादे यंत्र बंद पडले तर काय, याचा विचार पूर्वी झाला होता. यंत्र चालू राहून खोटेच सांगू लागले तर संदेश पोहोचवायचा कसा? नोकरीतील प्रश्न संशोधनात कसा खोल जातो, हे यावरून ध्यानात येईल.

आता व्यवहाराच्या गोष्टींकडे वळू. विद्यार्थ्यांनी या लिहून घ्याव्यात.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम २०२२ साली नव्याने आले. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती व अन्य पात्र प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असल्यास थेटही अर्ज करता येतो, तेथेही ही सवलत आहे. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत मुभा आहे. महिलांना बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही आहे. आपल्याकडे मुलगी बाळंतपणानंतर शिक्षण सोडते, तेव्हा हा नियम घरात कोणाला ठाऊक नसतो. तो सांगण्याचे काम आपण करू या.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्यास या नियमांत परवानगी आहे. मात्र मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास प्रारंभीच्या अभ्यासक्रमासाठी मोकळीक दिली जाईल, असे त्यात लिहून द्यावे लागते. हे पत्र मिळवणे सोपे नसते. आमच्यापैकी एकाला त्यासाठी आठ महिने पाठपुरावा करावा लागला. वरिष्ठांना भीती असते की माणूस शिकून निघून जाईल. तेव्हा अर्ज करण्याआधीच त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. दूरशिक्षणाने पीएच.डी. देता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तशा जाहिरातींना कोणी बळी पडू नये. आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचे नियम स्वतंत्र आहेत. तेथेही नोकरदारांसाठी बाह्य नोंदणीची सोय आहे.

पूर्णवेळ जाणाऱ्याने पैशाचा हिशेब आधी मांडावा. आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये अशी झाली. त्यासाठी नेट परीक्षा द्यावी लागते, तीत संगणकशास्त्र हा विषय आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही विद्यापीठांना वापरता येतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची अधिछात्रवृत्ती २००५-०६ साली सुरू झाली. पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फतही अधिछात्रवृत्ती दिली जाते. या योजनांच्या अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर राहू नये. पगार आणि अधिछात्रवृत्ती दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. कंपनीतील पगारापुढे ही रक्कम कमी वाटेल. हप्ते, आईवडिलांचे औषधपाणी, मुलांची फी हे सर्व एका कागदावर मांडून घरच्यांसमोर ठेवावे. आमच्यातील तिघांनीही तो कागद मांडला आणि तिघांनीही अर्धवेळ हाच मार्ग निवडला. ज्याच्यावर जबाबदारी कमी आहे त्याने पूर्णवेळ जाणे अधिक चांगले, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

कंपनीतील माहिती ही कंपनीची असते. लेखी परवानगीवाचून तिचा एकही कागद संशोधनात वापरू नये. आमच्या सहकाऱ्यांनी नावांच्या अभ्यासासाठी कचेरीतील एकही यादी घेतली नाही. स्वतंत्र नमुने तयार करून, प्रत्येकाची संमती घेऊन काम केले. त्यात दीड वर्ष गेले. पण त्यामुळे उद्या कोणी बोट दाखवू शकत नाही.

लिखाणाची सवय हा आणखी एक अडसर असतो. कंपनीत चार ओळींची ईमेल लिहून भागते. येथे दोनशे पाने लिहावी लागतात, आणि प्रत्येक विधानामागे पुरावा लागतो. पाठवलेले निबंध शेरे मारून परत येतात. दहा माणसांच्या गटाचा प्रमुख असलेल्या माणसाला ते प्रारंभी झोंबते. परंतु शेरे नीट वाचले, तर फुकट मिळालेली शिकवणी वाटते. दुसऱ्याचे लिखाण उचलून मात्र कोणी वेळ वाचवू नये. २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य ६० टक्क्यांहून अधिक आढळले तर नोंदणीच रद्द होते. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारेही भेटतात. अशी पदवी घेणारा मनुष्य पुढच्या विद्यार्थ्याची वाट अधिक अवघड करतो, कारण मग आपल्या प्रत्येकाच्या पदवीकडे संशयाने पाहिले जाते. प्रबंध कसा असतो हे पाहायचे असेल तर 'शोधगंगा' या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचायला मिळतात. नाव नोंदवण्याआधी आपल्या विषयातील निदान पाच वाचावेत.

घरच्यांविषयी न बोलता हे भाषण पुरे होणार नाही. आमची पीएच.डी. रात्री दहा ते एक या वेळात झाली. त्या वेळात मुलांना झोपवणारे, पाहुण्यांना सांभाळून घेणारे, सणावाराला आमच्या वतीने जाणारे कोणीतरी होते. पुरुषांच्या बाबतीत ते काम बायकोने केले. भगिनींच्या बाबतीत त्यांच्या सासूबाईंनी स्वयंपाकघर हाती घेतले आणि "तू बस अभ्यासाला" असे सांगितले. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. घरातील बाईने असा वेळ मागितला तर तो पुरुषाइतक्याच सहजतेने मिळावा, एवढी विनंती या सभेतील प्रत्येक कुटुंबप्रमुखाला करतो.

संस्थेकडेही आमचे तीन मागणे आहे. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावी, कारण नोकरदाराचा दिवस रात्रीच सुरू होतो. अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती आल्या की फलकावर लावाव्यात आणि अर्ज तपासून देण्यासाठी दोन माणसे नेमावीत; त्यांपैकी एक आमच्यातला असेल, हा शब्द देतो. आणि वर्षातून एकदा संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला या व्यासपीठावर उभे करून त्याचा विषय मराठीत, सर्वांना समजेल असा सांगायला लावावे. ज्याला आपला विषय आपल्या आईला समजावून सांगता येत नाही, त्याला तो स्वतःलाही पुरता कळलेला नसतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या संगणकाच्या नोकरीत जाल. अवश्य जा. घर उभे करा, भावंडांना शिकवा. पण नोकरीत एक वही जवळ ठेवा. जी गोष्ट पुन्हा पुन्हा अडते, जिचे खरे कारण कोणी विचारत नाही, जिच्यामुळे खिडकीपलीकडचा मनुष्य रिकाम्या हाताने परत जातो, ती त्या वहीत लिहा. दहा वर्षांनी ती वही उघडाल, तेव्हा पीएच.डी.चा विषय शोधायला कुठे जावे लागणार नाही. त्या वेळी वयाचा विचार करू नका.